कमरपट्टीचा लाल दोरा

दोन नाताळ गेले, माझ्या लेकीचा, एदुविहेसचा फोन नाही, आणि तू फोनवर म्हणतोस, "सासूबाई, कामातून तिला वेळ कुठे?"

जावईबापू एवेलियो,

सीमेपलीकडे वाळवंटात एका बाईची हाडं सापडलीत. ओळख पटत नाही. तिच्या पँटचा फोटो चर्चच्या दारावर लावलाय. कमरपट्टीतला लाल दोरा माझा आहे. तुझ्यासोबत सीमा ओलांडताना वाटेत काही झालंच तर कळावं म्हणून आमचा फोन नंबर मीच आत शिवला होता. ती शिवण कुणीतरी कात्रीने उसवलीय. कोल्हे कात्री बाळगत नाहीत. आणि नंबर तिथे आहे हे आम्हा मायलेकींशिवाय तुलाच ठाऊक होतं.

तू पत्ता दिला नाहीस, म्हणून हे पत्र पेटीतच राहील. दारात आलास की हातात देईन. उत्तर तू द्यायचं नाहीस, तुझ्या गोडबोल्या आईने तर नाहीच. ती कामात आहे म्हणतोस ना, मग एदुविहेसनेच द्यायचं, स्वतःच्या तोंडाने.

तुझी पोरं सांभाळणारी त्यांची आजी,
रेफुहिओ