तराजूवरचं मांजर

३ मार्च, रविवार

मंडळात आज पुन्हा माझीच बातमी गाजली!

मंडळ म्हणजे आमच्या गावातून इथे येऊन राहिलेल्यांचं. दर रविवारी एका शाळेच्या वर्गात जमतो, पोरांच्या बाकांमध्ये कसेबसे मावतो आणि हे शहर किती वाईट आहे यावर एकमत करतो. मग मी गावची खबर सांगते. तो मान माझा. कारण माझा दादा अजून तिथेच राहतो. बाकीच्यांचे नातलग एक तर गेले, नाही तर उठून आले.

आजची खबर : सायकलवाला आणि शिंपी अजून एकाच झाडाच्या सावलीवरून भांडतात. पाण्याची टाकी सकाळी भरून वाहते, कुणी बघत नाही. आणि बेकरीतलं मांजर अजून तराजूवरच झोपतं! बेकरीवाला त्याला उठवत नाही. मांजरासकट बिस्किटं तोलतो आणि मांजर वजा करतो. कंडक्टरकाकांनी डोळे पुसले. "याला म्हणतात गाव," म्हणाले.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "छान. आता आपल्या डोक्यावर कोण राहतं ते सांग बघू."

मला काय माहीत! पाय आपटत चालतात एवढं माहीत आहे. इथे आपण कायमचे थोडेच आहोत? बावीस वर्षं झाली, ती गोष्ट वेगळी. खिडकीला पडदासुद्धा मी अजून शिवून लावलेला नाही. परक्या ठिकाणी खर्च कशाला?

५ मार्च, मंगळवार

दादाला फोन केला. मांजराचं विचारलं. "थांब, खिडकीतून बघतो," म्हणाला. चपला सरपटल्या, खिडकी सरकली. "झोपलंय गं. एक पाय खाली लोंबतोय."

काय सांगतो माणूस! ड्रॉइंगचा मास्तर होता, शोभतो.

तेवढ्यात मागून एका बाईचा गोड आवाज – "कृपया दरवाजा बंद करा." म्हटलं, ही कोण? "लिफ्ट आहे. डॉक्टरांकडे आलोय." आमच्या गावात लिफ्ट! मला जरा वाईटच वाटलं. मग खिडकीतून मांजर कसं दिसलं, हे फोन ठेवल्यावर सुचलं. डॉक्टर बेकरीसमोर बसत असतील.

ऑगस्टमध्ये मी निवृत्त होतेय. एकदा हॉस्पिटलच्या त्या चादरी आणि उशांच्या खोळी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घातल्या की कायमची गावी! तुझ्या शेजारची खोली बघून ठेव, असं दादाला म्हटलं. तर म्हणतो, "घाई कशाला?"

घाई? बावीस वर्षं दम धरलाय!

६ मार्च, बुधवार

'घाई कशाला' डोक्यातून जात नाही. सख्ख्या भावाला मी जड झाले का?

तसा तो अधूनमधून विचित्र बोलतो. मागे एकदा म्हणाला होता, "टॉकीज पाडतायत." मी फोनच आपटला. आठवडाभर बोलले नाही. मग त्यानेच फोन करून सांगितलं, "रद्द झालं गं ते." झालंच पाहिजे! गावाला सुबुद्धी सुचली.

हे म्हणतात, "एवढं आहे तर जाऊन ये ना." जायचं तर आहेच. पण कधी रजा नसते, कधी गुडघा. मागे गेले होते त्यालाही सहा-सात वर्षं झाली. तेव्हा नेमकं बेकरीचं शटर खाली होतं. दुपारची वेळ. झोपले असतील.

१० मार्च, रविवार

आज मंडळात एक आगाऊ माणूस आला. दातांचा डॉक्टर. मागच्याच महिन्यात गावाहून इथे आलाय म्हणे. आल्या आल्या सगळ्यांना कार्डं वाटली. मी खबर सांगत होते तर मध्येच – "कुठली बेकरी?"

बाकांवरची सगळी डोकी त्याच्याकडे वळली.

"टॉकीजसमोरची," मी म्हटलं.

"कुठलं टॉकीज?"

आता बोला! कंडक्टरकाका उठले. "तुम्ही नक्की आमच्याच गावचे ना?" तो म्हणाला, "जन्मापासून." मग शांतपणे विचारलं, "काकू, बावीस वर्षांपूर्वी ते मांजर केवढं होतं?"

"चांगलं मोठं होतं," मी म्हटलं. आणि गप्प बसले. पण मंडळ गप्प बसलं नाही! ठराव झाला : ज्याला गाव माहीत नाही त्याला सभासद करू नये. सर्वानुमते. बिचारा चहा अर्धा टाकून गेला.

रात्री दाढ दुखायला लागली. हे म्हणाले, "तोंड फार चाललं आज."

१३ मार्च, बुधवार

गाल सुजून भोपळा. यांनी ते कार्ड जपून ठेवलं होतं. नाही नाही म्हणत असताना मला त्याच्याच खुर्चीत नेऊन बसवलं!

त्याने तोंडात कापूस कोंबला, नळी अडकवली आणि काम करता करता बोलत राहिला. रागावून नाही. टॉकीज पडलं, तेव्हा तो कॉलेजात होता. सायकलवाला वारला. शिंपी महिनाभर एकटाच सावलीत बसायचा, मग त्यानेही दुकान बंद केलं. बेकरीच्या जागी मोबाईलचं दुकान. मी "आँ, आँ" करत होते. त्याला वाटलं दुखतंय. अजून एक इंजेक्शन दिलं.

बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी गावाबद्दल बोललं आणि मला मध्ये तोंड घालता आलं नाही.

निघताना कसंबसं विचारलं, "ड्रॉइंगचे मास्तर?" तो हात धूत होता. म्हणाला, "तुम्ही एकदा जाऊनच या काकू."

१६ मार्च, शनिवार

दादाला न सांगता गेले.

मोबाईलचं दुकान आहे. काचेचं, चकचकीत. टॉकीजच्या जागी गाड्या उभ्या असतात. झाड आहे. खाली कुणी भांडत नाही.

समोर दादाची वरची खोली. खिडकीत एक अनोळखी बाई कपडे वाळत घालत होती. खालून हाक मारून विचारलं. "मास्तर ना? ते मुलाकडे गेले. झाली की तीन वर्षं! तुम्ही कोण त्यांच्या?"

मी मागे वळले.

तिथेच, दुकानाच्या पायरीवर बसले आणि दादाला फोन लावला. म्हटलं, "मांजर काय करतंय?"

"थांब, खिडकीतून बघतो."

मी मान वर करून त्या खिडकीकडे बघत होते. कानात चपला सरपटल्या, खिडकी सरकली. "झोपलंय," म्हणाला. "ऊन पडलंय अंगावर." आणि मागून ती बाई – कृपया दरवाजा बंद करा.

रागावणार होते. अगदी जिभेवर आलं होतं, तीन वर्षं खोटं बोललास म्हणून. पण म्हटलं काय? "बरं, झोपू दे." आणि फोन ठेवून भर रस्त्यात हुंदके देऊन रडले. मोबाईलवाल्याने आतून स्टूल आणून दिलं. पाणी दिलं. कोण, कुठल्या, त्याने विचारलं आणि रडता रडता मी सांगूनही टाकलं. मला आता जायला गाव नाही. ऑगस्टनंतर मी कुठली?

१७ मार्च, रविवार

मंडळात गेले नाही. दाढेचं निमित्त सांगितलं.

दुपारी दादाचाच फोन. एरवी तो सहसा करत नाही.

"ठमे, काल बेकरीसमोर रडत होतीस म्हणे."

मी गार! मोबाईलवाला त्याचा विद्यार्थी निघाला. मी निघाल्याबरोबर त्याने मास्तरांना फोन केला होता.

"मग सांगितलं का नाहीस?" मी ओरडले.

"टॉकीजचं सांगितलं होतं. तू आठवडाभर बोलली नाहीस." मग म्हणाला, "आणि इथे मला दुसरं कुणी गावाचं विचारतच नाही गं. आठव्या मजल्यावर असतो. खिडकीतून नुसती समोरची भिंत दिसते. तुझा फोन आला की मी खिडकी उघडतो."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तोच पुढे म्हणाला, "आता मात्र तू सांगायचं. तू जाऊन आलीस ना? मांजर काय करतंय?"

"थांब," म्हटलं, "खिडकीतून बघते." आणि उठून आमची ती बिनपडद्याची खिडकी उघडली.