पाल्यात नसलेलं औषध

ता. ५ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाल्याचं पार्सल गेल्या महिन्यात पोचलं. सुतळीच्या गाठी तू इतक्या मारतोस की आमच्या संस्थेतल्या शिपायाला वाटतं, आत सोनं आहे. शेजारच्यांच्या फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि जे ऐकू येतं ते तू मान्य करत नाहीस, म्हणून सगळं लिहूनच कळवते.

दादा, या खेपेच्या पाल्यात आपलं द्रव्य नाही. कमी आहे असंही नाही, अजिबातच नाही. तुझ्या गाळ्यामागच्या त्या कडूजार झुडपातून मी जे पांढरं स्फटिक वेगळं काढलं, ज्यानं उंदरांचा रक्तदाब उतरतो, त्याच्यावरच माझं सगळं काम आणि नाव उभं आहे. फेब्रुवारीच्या शेवटी औषध कंपनीची समिती येतेय. त्यांना पटलं तर याच पाल्याच्या भुकटीच्या गोळ्या करून माणसांना देऊन बघणार आहेत. आणि नेमका आत्ताच पाला दगा देतोय.

एक फरक झाला. नेहमी आम्ही पाला मिथेनॉलमध्ये, म्हणजे स्पिरिटच्या चुलतभावात, दोन आठवडे भिजत ठेवतो. त्याचं पिंप वेळेवर आलं नाही म्हणून या खेपेला ॲसिटोन वापरलं. पण त्यातही द्रव्य उतरायला हवंच. तेव्हा रागावू नकोस, विचारते. पाला उन्हात तर वाळवला नाहीस? शेजारचं भलतंच काही त्यात आलं नाही ना? रंगाच्या डब्यांजवळ ठेवला होतास का?

तुझी रक्तदाबाची गोळी चालू आहे ना? की वहिनीला विचारू? तिला माझा नमस्कार. राग आलाच तर अर्धा आत्ता कर, अर्धा भेटीसाठी ठेव.

तुझी,
मनी

*

ता. १२ जानेवारी

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद, पण या खेपेला जरा हात आखडून.

तुझं पत्र वाचलं आणि नाकाला मिरच्या झोंबल्या. तू तिथे पांढरा कोट घालून उंटावरून शेळ्या हाकणार आणि मी इथे शेळी. झुडूप तेच आहे. पानं मीच खुडली, नेहमीसारखी कोवळी सोडून. माळ्यावर जुनं धोतर पसरून सावलीत वाळवली. रंगाचे डबे खाली असतात, माळ्यावर नेऊन ठेवायला मला काही वेड लागलेलं नाही. मी पाट्या रंगवणारा माणूस असेन, पण हे झुडूप मी तुझ्या आधीपासून ओळखतो. लहानपणी त्याचं पान मीच तुझ्या तोंडात कोंबलं होतं आणि तू संध्याकाळपर्यंत थुंकत होतीस. तुझ्या संशोधनाची सुरुवात तिथून झाली असं मी सगळ्यांना सांगतो.

आणि हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्याच पाल्यातला थोडा मी घरी ठेवून घेतलाय, आणि रोज उकळून पितो. पाला खोटा असता तर मला कळलं नसतं का? डोकं हलकं वाटतं, झोपही लागते. रक्तदाबाचा बंदोबस्त चालू आहे, एवढं तुला पुरे. आता तर मी दिवसाला आणखी एक पेला वाढवणार आहे. मग बघू कुणाचा पाला खोटा ते.

बाकी बरं आहे. परवा न्हाव्याची पाटी रंगवली. शेवटची दोन अक्षरं जरा खाली उतरली, पण तो म्हणाला की त्याची गिऱ्हाइकं मान खाली घालूनच बसतात, चालेल.

मी रागावलो आहे हे लक्षात ठेवून उत्तर लिहावं.

तुझा,
दादा

*

ता. २८ जानेवारी

चि. मनीस,
अ. आ.

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. शेजारच्यांचा फोन त्यांच्या बैठकीत आहे, तिथे चारचौघांत हे बोलता येणार नाही.

त्यांनी गोळ्या बंद केल्यात. तुझा फोटो वर्तमानपत्रात आला ना, त्याच आठवड्यात. त्यात लिहिलं होतं की या पाल्यानं रक्तदाब उतरतो. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ काढा, आणि गोळ्यांची डबी रंगाच्या कपाटात. मी विचारलं तर म्हणाले, गोळी कुठल्या कारखान्यातली कोण जाणे, हे माझ्या बहिणीनं शोधलेलं आहे. तुझं मागचं पत्र आलं आणि हट्टाला पेटले. आता दुपारीही पितात, तोही काळाकुट्ट करून. पाला अस्सल आहे हे तुला दाखवायचंय त्यांना.

न्हाव्याच्या पाटीचं त्यांनी तुला गमतीनं लिहिलं असेल. मी तिथे होते. शिडीवर चढून दोन पायऱ्यांवरच थांबले आणि भिंत धरून उभे राहिले. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. न्हाव्यानं नंतर ती पाटी दुसऱ्या पेंटरकडून पुसून घेतली. त्यांना हे माहीत नाही आणि कळूही देऊ नकोस. डॉक्टरांनी दोनदा निरोप पाठवला, तरी जात नाहीत.

माझ्या शब्दाला या घरात रविवारी सुट्टी असते आणि इतर दिवशीही. तुझ्या शब्दाबाहेर मात्र ते नाहीत. तेव्हा मला एकच सांग. तो पाला खरंच गोळीच्या जागी चालतो का? चालत असेल तर तसं लिही, मी गप्प बसते. चालत नसेल तर लवकर लिही. मला भीती वाटतेय.

माया आहेच, ती या पत्रामुळे कमी होऊ नये.

तुझी,
वहिनी

*

ता. २ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी गोळी घे, मग पुढचं वाच. मला सगळं कळलंय. कुणाकडून ते विचारू नकोस. घरात तुम्ही दोघंच आहात.

पाला अस्सल होता. मी साप साप म्हणून भुई धोपटत बसले, माफ कर. तुझं पत्र आल्यावर त्याच पाल्याचे मी दोन भाग केले. एक मिथेनॉलमध्ये भिजवला, एक ॲसिटोनमध्ये. आज दोन्ही तपासून झाले. मिथेनॉलमधल्यात आपलं द्रव्य आहे, दुसऱ्यात नाही. तीन-तीनदा तपासून पाहिलं, तेच.

झुडपात एक साधं आम्ल आहे. ते मिथेनॉलमध्ये पडून राहिलं की त्याच्याशी जुळतं आणि बाटलीतच ते स्फटिक तयार होतं. ते झाडानं कधी केलंच नव्हतं, दादा. माझ्या बाटलीनं केलं, आणि मी ते झाडाच्या नावावर छापून मोकळी झाले. दरवेळी मिथेनॉलच वापरलं, म्हणून दरवेळी सापडत गेलं. तू पाण्यात उकळतोस, तेव्हा तुझ्या पेल्यात नुसतं आम्ल येतं. ते आम्ही उंदरांना देऊन पाहिलंय. त्यांचा रक्तदाब तसूभरही हलत नाही. तू इतके दिवस कडू पाणी पितोयस आणि तुझ्या रक्तदाबाला कुणी आवरणारं नाही.

आजपासून गोळी सुरू कर आणि डॉक्टरांना दाखव. एक विनंती आहे. हे घराबाहेर बोलू नकोस. मी आमच्या साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, समिती येऊन जाऊ दे, तोवर ब्र काढू नका. नंतर हळूहळू दुरुस्ती छापू. मला पटलं नाही, पण कबूल केलंय.

माझ्यावर चिडायचं तर पोटात गोळी गेल्यावर चीड.

तुझी,
मनी

*

ता. ८ फेब्रुवारी

चि. मनीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पाला खरा निघाला याचा आनंद झाला, बाकीच्याचा नाही.

तुला वाटतं मी हट्टी आहे. आहेच. पण हिशेब सरळ आहे. पाल्यात काही नाही असं तू मला लिहितेस. आणि त्याच पाल्याच्या गोळ्या माणसांना द्यायला निघालेल्या लोकांसमोर तू गप्प बसणार आहेस. मग मी कुठली मनी खरी धरू? ती माणसं गिळणार ते आणि मी पितोय ते, एकच ना? ती आपले डॉक्टरचे उपचार सोडून तुझ्या भुकटीवर राहणार. त्यांच्या घरी तुला पत्र लिहिणारी वहिनी नसेल.

शेजारी विचारतात, बहिणीच्या औषधानं गुण आला का, आणि मी मान डोलावतो. आता नाही डोलावणार. पण गोळीही घेणार नाही. ज्या दिवशी तू त्या लोकांसमोर उभी राहून सांगशील त्या दिवशी घेईन. तोवर समजेन की तुला स्वतःलाच खात्री नाही, आणि माझा काढा चालू राहील. तू लहानपणापासून जे बोललीस ते मी खरं मानलं. आता तू काय करतेस ते बघतो.

ही चिडली आहे. माझ्याशी बोलत नाही, घरातली भांडी बोलतात.

आशीर्वाद कमी झालेला नाही, वाट बघतोय एवढंच.

दादा

*

ता. १३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे काय आरंभलंयस? आपल्या जिवाला ओलीस धरून कुणी बहिणीला शहाणपण शिकवतं का?

तुला इथलं माहीत नाही. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या पोरींचे प्रबंध याच द्रव्यावर आहेत. समितीसमोर मी तोंड उघडलं तर साहेब मला प्रयोगशाळेत पाऊल ठेवू देणार नाहीत, आणि बरोबर या मुलीही बुडतील. नुसतं एवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण खरं सांगू? मला लाज वाटतेय. साध्या आम्लानं मिथेनॉलशी जुळावं हे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते मी, आणि स्वतःच्या बाटलीत ते मला दिसलं नाही. लोक हसतील.

समिती चोवीस तारखेला येऊन त्याच दिवशी परत जाईल. माणसांवरची चाचणी सुरू व्हायला त्यानंतरही महिने लागतात, तोवर कुणाच्या पोटात काही जाणार नाही. समिती गेली की मी लेखी कळवते, माझा शब्द. तू गोळी मात्र आजच घे. दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधू नकोस, दादा. पाया पडते.

तुझी,
मनी

*

ता. २४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं उत्तर आलं नाही. तुझा राग मला ओळखता येतो, गप्प बसणं ओळखता येत नाही. रोज टपालाच्या पेटीशी जाऊन परत येत होते.

आज सांगितलं. समितीचे लोक लांब टेबलाच्या पलीकडे बसले होते. साहेबांनी माझी ओळख करून देताना इतकं गुणगान केलं की मला मान वर करवेना. मग मी पडद्यावर दोन्ही भागांचे आलेख शेजारी शेजारी लावले आणि सरळ म्हटलं की हे द्रव्य झुडपात नाही, या भुकटीच्या गोळ्या कुणाला देऊ नयेत. समितीतल्या एका वृद्ध बाईंनी एकच प्रश्न विचारला, हे मला कधीपासून माहीत आहे. मी तारीख सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली आणि चष्मा काढला. साहेब उठून बाहेर गेले ते परत आले नाहीत. माझ्या प्रयोगशाळेची किल्ली शिपायानं मागून नेली, बिचारा माझ्याकडे बघत नव्हता.

पोरींना मी सांगितलं की बाटलीत द्रव्य कसं बनतं हाच आता त्यांचा विषय. एक रडली, एक म्हणाली की निदान हे खरं तरी आहे.

मी माझं केलं, दादा. आता तू तुझं कर. हे पत्र आजच्या जलद टपालानं टाकतेय. गोळी घेतल्याचं एका ओळीनं कळव, बाकी शिव्या सावकाश दे.

तुझीच,
मनी

*

ता. २८ फेब्रुवारी

चि. मनीस,
अ. आ.

काल शेजारच्यांनीच तुला फोन केला, तू निघाल्याचंही त्यांनीच सांगितलं. मला स्टेशनवर येता येणार नाही, मी दवाखान्यात त्यांच्याजवळ आहे. म्हणून ही चिठ्ठी शेजाऱ्यांच्या हाती देतेय. वॉर्डात येण्याआधी वाच.

तुझं पत्र परवा दुपारी आलं. त्यांनी ते गाळ्याच्या दारात उभ्यानंच वाचलं. मग आत जाऊन कपाटातली डबी स्वतः काढली, माझ्याकडे पाणी मागितलं आणि माझ्यासमोर गोळी घेतली. काढ्याचं पातेलं मोरीत ओतलं. संध्याकाळी गाळ्यावर येईल त्याला पत्रातला समितीचा भाग वाचून दाखवत होते. इतके खुशीत मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

काल सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून पडला. उजवा हात आणि उजवा गाल गेला. डॉक्टर म्हणतात, रक्तदाब फार दिवस मोकाट होता, एका गोळीनं तो आवरणार नव्हता. चालतील म्हणतात. बोलणं हळूहळू येईल. हाताचं काही सांगत नाहीत, आणि पाट्या त्या हातानंच रंगवायच्या होत्या.

आज सकाळी त्यांनी मला लिहायला बसवलं. एकेक शब्द मला तीनतीनदा विचारून घ्यावा लागला. त्यांचं म्हणणं असं की अट त्यांनी घातली, हट्ट त्यांचा, उशीरही त्यांचाच. मनीनं वेळेत सांगितलं. तिला यात एका शब्दानंही दोष देऊ नये, आणि तो मी देत नाही असं या पत्रात लिहावं.

त्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं. पण मला अजून तसं वाटत नाही. तेरा तारखेचं तुझं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते वाचून घडी घालून ठेवलं आणि पाणी उकळायला गेले, ते मी पाहिलंय. त्यानंतरचा प्रत्येक पेला मी पाहिलाय. तू पहिल्यांदा लिहिलंस त्याच दिवशी तिकडेही सांगितलं असतंस तर, हे माझ्या मनातून जात नाही. कधी जाईल ते ठाऊक नाही. खोटं लिहून तुझं समाधान करणार नाही, या घरात खोट्यानं पुरे झालं.

तू आत आलीस की मी कदाचित तुझ्याकडे बघणार नाही. तरी ये. त्यांच्या डाव्या बाजूला बस, तो हात त्यांना कळतो. मीही तिथेच आहे, मला उठवू नकोस.

वहिनी