सुरक्षेच्या पाटीपायी लागलेली आग

तीर्थस्वरूप मामा,

भाच्याचा नमस्कार. (दोन्ही हात जोडले आहेत असं समजा. उजव्याला बँडेज आहे, त्यामुळे तो नुसता डाव्याला टेकवला आहे. अक्षर वाकडं दिसतंय तेही त्याच कारणानं, माझी प्रकृती बाकी ठणठणीत आहे.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला थांबला का? वर्कशॉप अजून स्वतःच उघडता की कुलपाची किल्ली कुणाच्या हाती दिलीत? इथं घरी सगळे मजेत आहेत. माझ्यावर हसण्यात त्यांचा वेळ छान जातो.

झालेला प्रकार तुमच्या कानावर कुणाकडून तरी येणारच, म्हणून तो माझ्याच तोंडून आलेला बरा. तुम्हाला ठाऊक आहेच की, आमच्या खुर्च्यांच्या कारखान्यात वेल्डिंग किंवा गॅस कटिंग करायचं झालं की आधी परमिट लागतं आणि ते मी देतो. म्हणजे द्यायचो. चौदा वर्षं मी त्या टेबलामागे बसून लोकांना परत पाठवत आलो. आसपास जळण्यासारखं काही नाही ना, भिंतीपलीकडे काय आहे, अग्निशामक भरलेलं आहे का, काम संपल्यावर तासभर तिथं कोण बसणार, असे अकरा प्रश्न त्या कागदावर आहेत आणि ते मला पाठ आहेत. एकदा मॅनेजरसाहेबांनाच मी ताडपत्री ओली नाही म्हणून थांबवलं होतं. (त्या दिवशी घरी जाताना माझी चाल वेगळी होती, असं तुमची सूनबाई सांगते.)

तर गेल्या आठवड्यात मुख्य कचेरीतून तपासणीला माणसं येणार होती. मॅनेजरसाहेब म्हणाले, तुमच्या खोलीत ‘सुरक्षा आधी, काम नंतर’ अशी मोठी पाटी लावा. पाटी आली, पण ती लावायच्या जागी जुन्या कूलरचं लोखंडी ब्रॅकेट भिंतीतून बाहेर आलेलं. ते काढायला मी आमच्या वेल्डरबाईंना बोलावलं. या बाई वर्षापूर्वी लागल्या. बोलतात कमी आणि बघतात फार, त्यामुळे मला त्यांच्यासमोर उगीचच पोट आत घ्यावंसं वाटतं. त्यांनी ब्रॅकेट हलवून पाहिलं आणि म्हणाल्या, “साहेब, नट गंजलेत. तेल सोडते, दोन तासांत पान्यानं निघेल. कापायची गरज नाही.”

आता मामा, हा माझ्याच कागदावरचा पहिला प्रश्न. ज्वाळेशिवाय काम होत असेल तर ज्वाळा पेटवूच नका. पण दोन तासांत पाहुणे दारात. मी म्हटलं, कापा. त्या म्हणाल्या, “भिंतीमागे काय आहे?” मी म्हटलं, “भिंतीमागे भिंतच असते, बाई.” (हे वाक्य आता कारखान्यात सगळ्यांना पाठ आहे. कॅन्टीनमध्ये चहा मागतानाही ऐकवतात.) त्यांनी गॅस कटर खाली ठेवला आणि पलीकडे पाहून येते, ओलं ब्लँकेटही आणते, असं सांगून गेल्या.

मी घड्याळ पाहिलं आणि परमिट भरलं. अकरा खुणा अर्ध्या मिनिटात. देणारा मी, काम करणारा मी आणि लक्ष ठेवणाराही मीच. तीन रकान्यांत एकाच माणसाच्या तीन सह्या पाहून मला तेव्हा खरं सांगतो, अभिमानच वाटला. मग काळा चष्मा चढवला आणि कटर पेटवला.

कापलं छान! चार मिनिटांत ब्रॅकेट खाली. ठिणग्यांचा असा फवारा उडाला की मीच मनात वाहवा म्हणालो. फक्त त्यांतल्या निम्म्या ठिणग्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खाली शिरून दिसेनाशा होत होत्या, याचं मला नवल वाटायला हवं होतं. ते कॅलेंडर मीच टांगलेलं, कूलरच्या पाइपाचं भोक झाकायला. मी मात्र वाकून ते ब्रॅकेट उचललं. लाली गेली की लोखंड गार झालं, असा माझा समज. नुकतं कापलेल्या लोखंडावर खडूनं ‘गरम’ लिहून ठेवायचं, हे मी दर महिन्याला नव्या लोकांना शिकवतो. त्यानंतर मी जो नाच केला तो पाहायला सुदैवानं कुणी नव्हतं. हात पाण्याच्या भांड्यात बुडवून उभा होतो, तेव्हा त्या भोकातून धूर माझ्याकडे येताना दिसला.

भिंतीमागे फोमची खोली आहे, मामा. छतापर्यंत गाद्या. आणि जेवणानंतर तिथं आमचे भांडारवाले अण्णा आतून कडी लावून तासभर आडवे होतात. सगळ्यांना माहीत असलेलं हे गुपित मलाही माहीत होतं.

मी भिंतीवरचं अग्निशामक उपसलं आणि धावलो. बाहेर बाई दोन्ही मुठींनी दार बडवत होत्या आणि आतून अण्णांचा आवाज येत होता, “आत कुणी नाही!” त्यांना वाटलं, मॅनेजरसाहेब झोप पकडायला आलेत. मी ओरडलो, “अण्णा, आग लागली!” तर ते म्हणाले, “हो हो, मागच्या वेळी पण असंच म्हणाला होतात.” (मागच्या वेळी ती माझी रंगीत तालीम होती. तेव्हा मी त्यांना उठवून वर भाषणही दिलं होतं.) तेवढ्यात त्यांना खोकला आला. मग कडी निघाली आणि काळ्या धुरातून अण्णा एका चपलेनिशी बाहेर पडले. बाईंनी त्यांना माझ्या अंगावर ढकललं. मी अग्निशामकाची पिन ओढून दांडा दाबला. फुस्स. मागच्या महिन्यात प्रात्यक्षिकाला टाळ्या एवढ्या पडल्या होत्या की मी ते शेवटच्या थेंबापर्यंत मारून दाखवलं आणि तसंच परत अडकवलं होतं.

बाईंनी व्हरांड्यातलं दुसरं आणलं, वाकून आत गेल्या आणि भिंतीलगतच्या पेटलेल्या दोन गाद्या विझवून ओल्या ब्लँकेटाखाली दाबल्या. तीन मिनिटंही लागली नसतील. अण्णा माझा हात धरून बसले होते, नेमका भाजलेलाच. मला तो सोडवून घ्यावासा वाटला नाही. आणखी पाच मिनिटं उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे मी अजून पुरतं मनात येऊ देत नाही.

संपलं म्हणून मी उठलो, तर बाई स्टूल घेऊन तिथंच बसल्या. चाळीस मिनिटांनी गाद्यांखालच्या लाकडी फळीच्या तळातून धुराची बारीक रेघ वर आली. त्यांनी उठून त्यावर बादली ओतली आणि पुन्हा बसल्या.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मॅनेजरसाहेबांनी दार लोटून घेतलं आणि मला सुचवलं की परमिट नवं करावं, आणि काम करणाऱ्याच्या रकान्यात बाईंची सही घ्यावी. मामा, मी तो कागद घेऊन बाईंकडे गेलो. हे लिहिताना हात अडखळतोय, पण गेलो. त्यांनी कागद सावकाश वाचला आणि विचारलं, “इथं लिहिलंय, भिंतीमागे पाहिलं. कुणी पाहिलं, साहेब?” त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. मी परत गेलो आणि माझ्या तीन सह्यांचा मूळ कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यात शौर्य काही नव्हतं. बाईंसमोर पुन्हा उभं राहण्यापेक्षा नोकरी गेलेली सोपी वाटली.

नोकरी राहिली. परमिट आता बाई देतात, आणि मी स्टुलावर बादली घेऊन बसतो. त्यांनी कापायचं, मी ठिणग्या मोजायच्या आणि काम संपल्यावर तासभर जमिनीकडे पाहत राहायचं. काल मी पंचावन्नाव्या मिनिटाला उठलो, तर न वळता म्हणाल्या, “अजून पाच.”

मामींना माझा नमस्कार सांगा, आणि हे पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नका.

तुमचा भाचा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. चौकशीत माझे जुने कागद निघाले आहेत. नोकरीच्या अर्जात मी ‘मामांच्या वर्कशॉपमध्ये तीन वर्षं काम’ असं लिहिलं होतं. तुम्हाला आठवत असेलच की मी तीन दिवस आलो होतो, आणि तिसऱ्या दिवशी उघड्या डोळ्यांनी वेल्डिंग पाहिलं म्हणून आई मला घेऊन गेली. कुणी फोन केलाच तर नुसतं ‘हो’ म्हणा. वर्षं की दिवस, या तपशिलात शिरू नका.

ता. क. २. वरची ता. क. रद्द समजा. पाकीट बंद करण्याआधी बाईंना दाखवलं. (सध्या माझा प्रत्येक कागद त्यांच्या नजरेखालून जातो.) त्या म्हणाल्या, फोन आला तर मामांना खरं तेच सांगू द्या, पण राहिलेले दिवस भरून काढायला जागा आहे का तेवढं विचारा. म्हणून विचारतो. एक महिन्याची रजा घेतली आहे. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, मामा, झाडू मारण्यापासून सुरुवात केली तरी चालेल. फक्त बाकीच्यांसमोर मला ‘साहेब’ म्हणू नका.