तू घाबरशील म्हणून

४ मे २०२४
अमेरिकेत कॅरीला पोचले, आता कायमची इथेच. परीक्षितचं घर ऐसपैस, आणि माझ्या खोलीला लागूनच बाथरूम. मोठ्या आतड्याला सूज असलेल्या बाईला आणखी काय हवं? सून प्रीताने मऊ भात केला होता. नात इला माझं इंग्रजी ऐकून म्हणाली, आजी, यू टॉक लाइक अ क्वीन. कॉन्व्हेंटमधल्या छड्या वसूल झाल्या.

११ मे
पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. ऐन बोलण्यात मला बाथरूमकडे पळावं लागलं. परतले तर परीक्षित सगळं आटोपून उभा. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या मिळाल्या. आणखी काय म्हणाल्या, विचारलं. म्हणे, रुटीन गं, आई.

१८ मार्च २०२५
पोट उत्तम. महिनाभर मानेवर एक गाठ आहे, दुखत नाही. परीक्षित म्हणतो, उगाच गूगल करू नकोस.

२५ मार्च
मीच हट्टाने गेले. गाठ बघून डॉक्टरीणबाई चमकल्या. या गोळ्यांनी लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा, धोका थोडा वाढतो, गाठ दिसली की लगेच या, असं बजावलं होतं म्हणाल्या. कुणाला? परीक्षितला! धोका कमी, फायदा जास्त. गोळ्या मी घेतल्याच असत्या. पण महिना घालवला नसता. औषधांच्या दुष्परिणामांची पत्रकं लिहून पोट भरणारा हा माझा मुलगा. म्हणतो कसा, तू घाबरली असतीस.

२९ मार्च
तपासणीचा निकाल आला. लिम्फोमाच. परीक्षितचा हात ओढून गाठीवर दाबला. म्हटलं, घे, आता तू घाबर.

३० मार्च
माझी मान सपाट. गाठ त्याच्या मानेवर. देवा क्षमा कर, मी दिवसभर हसले. विचारलंसुद्धा, गूगल केलंस का रे?

१ एप्रिल
घाबरून चिडचिडा झालाय. दूध सांडलं म्हणून इलाला दंडाला धरून गदागदा हलवलं. संध्याकाळी त्याची मान सपाट —

२ एप्रिल
इलाच्या मानेवर. माझ्याहून मोठी.
रागाने हात लावला की ज्याला लावला त्याच्याकडे जाते. कळलं मला. मग मला परत दे. तिला म्हटलं, चिड माझ्यावर. चिमटा काढला. तिचं चित्र फाडलं. मार, इथं, मानेवर मार —
प्रीता इस्पितळात न्यायला गाडी काढतेय. वेळ नाही. बाहुलीचं डोकं उपटलं —
रडली. मग माझ्याच गळ्यात पडली. इट्स ओके, आजी, म्हणते. रागावत नाही गं ही पोर, रागावतच ना —