शेवटचं पान आधी वाचणाऱ्या आत्यास

चाकण,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

ती. सुमनआत्यास,
ज्ञानेशचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. जरा फिरून आलं, पण आलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की आजूबाजूचे दार उघडून बघतात, तेव्हा आपलं हे पत्रच बरं. अंबाजोगाईत थंडी पडली का? गुडघ्याला तेल लावतेस ना? कंटाळा करू नकोस. इकडे सगळं ठीक. कंपनीने दिलेली खोली लहान आहे, पण एकट्याला पुरते. वर्षाली आणि चिऊ तळेगावला, तिच्या माहेरी. चिऊची दहावी झाली की बघू पुढचं.

आता मुद्द्याचं. पोलादी पांडूची 'रणगाजी'वाल्यांनी काढलेली सगळी पुस्तकं संपवलीस, आणि आता 'सातवं आभाळ'वाल्यांचं कुठून सुरू करू म्हणून विचारतेस. अगं, सत्तरीतल्या बायका पारायणं करतात आणि तू वीरांच्या चित्रकथा मागतेस! कंपनीच्या बसमध्ये सांगितलं तर पोरं म्हणाली, राव, तुमची आत्या भारी आहे. आहेसच.

हे 'सातवं आभाळ' म्हणजे तळवड्यातल्या चार पोरांचं नवं प्रकाशन. दिवसभर कॉम्प्युटरवर बसतात आणि उरलेल्या वेळात वीर घडवतात. पांडूचं कसं सोपं होतं, कुठलंही पुस्तक उचल, पहिल्या पानावर दरोडा आणि शेवटच्या पानावर मार. यांच्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. मागे तुला पाठवलेलं 'महासंग्राम' हे जाडजूड पुस्तक, त्याच्या कव्हरला भुलू नकोस. त्यात सगळे वीर एकदम येतात. परक्या वऱ्हाडात जेवायला बसल्यासारखं होतं, कोण कुणाचा कोण काही कळत नाही. ते सगळ्यात शेवटी वाच.

आधी 'वावटळ' घे. चाकणच्या कांदा मार्केटात गोण्या शिवणारी बाई आहे. तिला राग आला की भोवती वारा फिरतो. मारामारीच्या आधी ती पदर खोचते, तेवढ्यासाठी तरी तुला आवडणार. त्यानंतर 'खंबीरा'. तो डोंगर उचलतो आणि मग घरी येऊन कंबर शेकत बसतो. अक्षरही मोठं आहे, चष्मा लावून नीट दिसेल. दोन्ही सोबत पाठवतोय.

'बहुरूप्या' मात्र राहू दे. लोक त्याचं फार कौतुक करतात, पण तो घरच्यांपुढेही सोंगच घेतो, तुला नाही आवडायचा.

का, ते तुला माहीत आहे. तू निगडीला आमच्याकडे राहत असताना गेटवर वॉचमन ज्योतीरामशी तुझं पांडूवरून भांडण झालं होतं, आठवतं? तू म्हणालीस, "अख्ख्या गावाला वाचवायलाय आणि घरी मायला थापा मारायलाय. कामून? आधी घरी खरं बोल म्हणावं मेल्याला." ज्योतीराम म्हणाला, "मावशी, मुखवटा काढला तर मायच्या जिवाला धोका असतो." त्यावर तू म्हणालीस, "मायला कशाचा धोका? ह्याच्या अब्रूला धोका हाय." सगळी बिल्डिंग हसली. मीपण हसलो.

आत्या, तुझी एक खोड मला लहानपणापासून माहीत आहे. पुस्तक हातात आलं की तू शेवटचं पान आधी वाचतेस. पत्राचंही तेच करतेस. म्हणून आता पान बदलतो. जे लिहायला हात धजत नाही, ते तिथे लिहितो.

*

तुझं पत्र फिरून आलेलं नाही. थेट निगडीच्या घरी आलं आणि ज्योतीरामनेच माझ्या हातात दिलं. कारण आम्ही निगडीतच आहोत, त्याच घरात, तिघंही. कंपनीने मला कसलीही खोली दिलेली नाही. हे घर सोडावं लागतंय म्हणून तुला अंबाजोगाईला पाठवलं, ते खोटं होतं. वर 'चाकण' लिहिलंय ते खोडत नाही. सवयीने लिहिलं गेलं. बघ, किती सवय झालीये.

तुला पाठवायची पार्सलं मी कामाला जाताना चाकणला घेऊन जायचो आणि तिथल्या पोस्टात टाकायचो. शिक्का तिथला पडावा म्हणून. 'सातवं आभाळ'चं ते 'महासंग्राम' मात्र आळस करून परस्पर तुझ्याकडे पाठवायला सांगितलं, आणि त्यांनी पाकिटावर मागवणाऱ्याचा पत्ता छापला. तू काही विचारलं नाहीस, रागावली नाहीस. त्या पत्त्यावर पत्र टाकलंस, बस. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं गं.

आणि वर्षालीला म्हणावं मनात काही ठेवू नको, असं तू लिहिलंस. तिच्या मनात काही नव्हतंच. ती माझ्याशी भांडली. आत्यांना खोटं सांगून पाठवलंत तर मी तोंड दाखवणार नाही, म्हणाली. तुला मी घालवलं. मी एकट्याने. तू तिच्यावर संशय घेतलास आणि मी तो घेऊ दिला.

कारण ऐकशील तर थुंकशील माझ्यावर. माझी तिसरी पाळी चालू होती. रात्रभर मशीनपुढे उभा राहून सकाळी घरी यायचो, आणि दुपारी डोळा लागतो न लागतो तोच पलीकडच्या खोलीतून तुझं सुरू. "धडाम! फट्याक! अरे चांडाळा, थांब!" तू शांत बसावीस म्हणून मीच ती पुस्तकं आणली होती, आणि तू ती खणखणीत आवाजात वाचायचीस. आत्या, जरा हळू, एवढंच म्हणायचं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून म्हणालो नाही, आणि घरातूनच काढलं. शाबास रे वीरा!

आता तुझ्या पत्रातलं लिहितो. तू लिहिलंस, "दुपारी तुला झोप लागायची नाही, दारातून कूस बदलताना दिसायचास. म्हणून मोठ्यानं वाचायचे. मी भाकरी थापायचे तवा तू मला वाचून दाखवायचास, तसं. तिथं खोलीवर तुला कोण वाचून दाखवतं रे लेकरा?"

खरा पत्ता कळूनही तू 'खोलीवर'च लिहिलंस. हे वाचलं आणि जिन्यातच बसलो. लहानपणी तुझ्या चुलीपुढे बसून धडाम-फट्याक मीच करायचो गं. स्टँडवरून ती पुस्तकं तूच आणून द्यायचीस. सगळं विसरलो.

'बहुरूप्या' पण सोबत टाकलाय. वाच, आणि त्याला हव्या तेवढ्या शिव्या दे.

पुढच्या रविवारी तुला न्यायला येतोय. तुझा पलंग होता तिथेच आहे, चिऊ त्यावर झोपते, ती सरकेल. यायचं नसेल तर येऊ नकोस, पण मला दारात उभं करून काय बोलायचं ते बोल. फोनवर नको, तोंडावर.

हे पान तू आधी वाचलंस, म्हणजे मागचं सगळं आता माहीत असून वाचशील. वाच. पण मनात नको, आत्या. मोठ्याने वाच.

खोटारडा,
ज्ञानेश
निगडी