साहेबांचा जुना जोडा

अहो,

पत्राच्या माथ्यावर नाव घालायला हवं, पण जन्मभर घेतलं नाही ते नाव आता कुठून घेऊ? तुम्ही वर बसून हसाल.

लिहायचं कारण आपली नात. सकाळी इंदूरहून तिचा फोन आला. मोबाईलवर तिला कुणाचे तरी वापरलेले बूट आवडलेत, आणि सूनबाई नको म्हणतात. "आजी, तू बता ना, घेऊ का?" मला इतकं हसू लोटलं की पोरगी घाबरली. तिला काय सांगू, की आपला संसारच एका जुन्या जोड्यावरून सुरू झाला? म्हटलं, आधी तुमच्याशी बोलावं.

ते वर्ष आठवतं ना? राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि तुमच्या कचेरीतले नागपूरकडचे साहेब बाडबिस्तरा आवरून निघाले. आरामखुर्ची, पलंग, सगळं विकायला काढलं होतं त्यांनी. तुमचा जीव अडकला त्यांच्या तपकिरी बुटांत! नवे साहेब येणार, त्यांच्यापुढे चपला फरफटत कसं उभं राहायचं, ही तुमची काळजी.

नेमके त्याच आठवड्यात तुम्ही सासूबाईंना घेऊन राजपुऱ्यात माझ्या मामांकडे आलात. मला आधी तुकईथडला दिलं होतं आणि वर्षाच्या आत मी विधवा होऊन परत आले होते, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही तर कुंवारे, वर सरकारी नोकरीतले. कोणीही हसत मुलगी दिली असती. मी दाराआड उभी होते. आज ही माणसं नाही म्हणाली तर पुन्हा कोणी विचारणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बैठकीत माझा विषय काढायला कोणी धजेना. केळीचं बोलून झालं, कापसाचं झालं. मग मामांनी सहज विचारलं, साहेबांकडून काही घेतलंत की नाही. तुम्ही म्हणालात, बूट घ्यावे म्हणतो. सासूबाईंना जणू वाटच सापडली.

"दुसऱ्याच्या पायाचा जोडा कुंवाऱ्यानं कायले घ्यायचा? नवा नाही भेटत का?"

जोडा हा शब्दच मेला दुतोंडी! दाराच्या फटीतून मला मामांची खाली गेलेली मान दिसली.

तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "माय, पायाले बसला म्हणजे झालं. पहिले कोणाचा होता, हे पाय थोडीच पूछतो?"

यावरून मी तुमच्याशी आयुष्यभर भांडले. धडधाकट बाईला बुटाची उपमा देतात का? तुमचं ठरलेलं उत्तर, मी तर बुटांबद्दलच बोलत होतो. खोटारडे! पण खरं सांगू? त्या दिवशी मी तोंडात पदर कोंबून रडले, ते सुखानं.

सासूबाई राजी झाल्या, पण अट घालून. कुंवाऱ्याला विधवेशी पाट लावायचा तर त्याचं आधी रुईच्या झाडाशी लग्न लावायचं. म्हणजे तोही बिजवर, आणि फिट्टंफाट! तेच बूट घालून तुम्ही तापीकाठी गेलात आणि वाजतगाजत रुईला माळ घातलीत. माझी सवत ती! झाडाचं लग्न पहिलं, म्हणून त्याला वाजंत्री. पाट मात्र गुपचूप उरकायचा, अशी रीत. मी मामांच्या घरी साध्या लुगड्यात बसले होते आणि मनाची समजूत घालत होते की पहिल्या लग्नात वाजली तेवढी पुरे.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सनई ऐकू आली. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची वरात. मामी धावत आत आली आणि माझ्याकडे बघून हसायलाच लागली. तापीवरची तीच वाजंत्री तुम्ही पुढे घालून आणली होती! वडीलधारे आडवे आले, अशानं नाव जाईल म्हणाले. तुम्ही दारातच उभे राहिलात.

"झाडाले वाजंत्री, अन् हिले का नाही?"

शेवटी सासूबाईच वाजंत्रीवाल्यांवर खेकसल्या, "वाजवा रे. पैसे तर देलेच आहेत." काय खट बाई, पण त्या घटकेला मला त्या देवासारख्या वाटल्या.

पाय पूछत नाही म्हणालात खरे, पण तुम्ही त्या तुकईथडच्या मुलाला, माझ्या पहिल्या नवऱ्याला, विसरला नाहीत. दरवर्षी पितृपक्षात त्याच्या नावाच्या पानासाठी केळीचं पान तुम्हीच आणायचात. त्याबद्दल मी तुम्हाला कधी एक शब्द बोलले नाही. का बोलले नाही कोण जाणे. आज बोलते. फार मोठ्या मनाचे होतात तुम्ही.

आता नातीला फोन करते आणि सांगते, पायाला बसत असतील तर घे.

आणि तुम्हाला वचन देते. पुढच्या जन्मी तुम्ही बिजवर असा आणि मी कुंवारी, चालेल मला. रुईला माळ मी घालीन, आणि वाजंत्री घेऊन तुमच्या दारी येईन. कोण आडवं येतं ते बघतेच!

तुमची दुसरी बायको,
कावेरी