दुसरं चाक

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. इथे सगळे बरे आहेत. तूही बरी असशील असं धरून पुढचं लिहिते.

आपला जुना करार आहे, घरात ‘तुम्ही’ आणि वर्कशॉपात ‘तू’. “ठिणग्या उडत असताना अहो-जाहो करत बसलीस तर दोघी भाजू,” असं तू मला पहिल्याच दिवशी बजावलं होतंस. हे पत्र वर्कशॉपातल्या टेबलावर बसून लिहितेय, म्हणून तू. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. वाचताना त्रास झाला तर तिकडे मावशींना वाचून दाखवायला सांग. नको, राहू दे. तूच वाच. सावकाश वाच.

आईंचे गुडघे आहेत तसेच आहेत. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलं, तेव्हापासून त्या दिवसातून चार वेळा गच्चीवर जातात. तुझा भाऊ छापखान्यातून येतो, जेवतो, झोपतो. मीही जेवते, झोपते, सकाळी वर्कशॉप उघडते. शाळेचं मोठं गेट गेल्या आठवड्यात बसवलं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, “तुम्ही दोघींनी केलेल्या खिडक्या अजून हलल्या नाहीत हो.” दोघींनी. मी बरं म्हटलं.

आता मुख्य बातमी. तुझ्या सायकलची चाकं करायला घेतली आहेत.

तुझी फ्रेम चौदा महिने भिंतीवर टांगलेली आहे. परवा आई म्हणाल्या, “एक तर तिला चाकं लाव, नाहीतर भंगारात दे. भिंतीवर घोडा टांगल्यासारखं दिसतंय.” भंगारात द्यायला माझा हात धजला नाही. मग चाकंच उरली.

दुकानातल्या सायकलवर बसलीस की तुझे गुडघे हॅंडलला लागायचे, आठवतं? “सर्कशीतलं अस्वल दिसते मी,” म्हणायचीस. सहा फुटांना दोन बोटं कमी असलेल्या बाईसाठी कुणी सायकल करत नाही, म्हणून तू स्वतःच्या मापाची फ्रेम केलीस. मग तिला शोभतील अशी छत्तीस इंची चाकं बाजारात मिळेनात, म्हणून तीही आपणच करायची ठरवलीस. मी म्हटलं होतं, ताई, लोक गेट करणाऱ्याकडून गेट घेतात, गेट करणारा चाकं कशाला करेल? तू म्हणालीस, “गेट जागेवर उभं राहतं गं. मला एकदा काहीतरी जाणारं करायचंय.”

तर पन्हळीसारखी पट्टी आणली. रोलरमधून सात फेऱ्या दिल्या. प्रत्येक फेरीला स्क्रू पाव आटा, तू सांगायचीस तसा. घाई केली की पट्टी कोपरा धरते आणि धरलेला कोपरा मग जन्मभर सोडत नाही. दुसऱ्या चाकाची रिंग अशी सात फेऱ्यांत तयार झाली. पहिल्या चाकाची तू वळवलेलीच होती, कपाटामागे सापडली. सांधा जोडलेला होता, पण आतून अर्धाच घासलेला. उरलेला अर्धा मी घासला.

कानशीने. चार दिवस लागले. शेजारचे सुतार दारात येऊन म्हणाले, “बाई, कानशीने? आता चाकाचा शोधही तुम्हीच लावणार वाटतं.” मी म्हटलं, हल्ली विजेचा दाब कमी असतो. ते आपल्या रंध्याच्या मशीनकडे बघत राहिले. ती धडधडत चालू होती.

प्रत्येक चाकाला चोवीस सळ्या आहेत. एक टोक मधल्या हबमध्ये अडकवलं, दुसऱ्या टोकाला आटे पाडून ते रिंगेतून बाहेर काढलं आणि नट लावला. पण चाक सरळ होत नाही. इकडून ओढलं की तिकडे पळतं. तू नुसती चार पावलं मागे जाऊन डोळे बारीक करायचीस आणि म्हणायचीस, “तिसऱ्या सळीपाशी पोट सुटलंय बघ.” मला ते पोट दिसतच नाही. गेटाचं दिसतं, चाकाचं नाही.

एवढंच लिहायचं होतं. अजून एक होतं, पण ते पुढच्या वेळी.

तुझी,
वहिनी


१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझा निरोप पोचला. मी फोनवर आले की तू “ठीक आहे” म्हणून आईंना दे म्हणतेस, त्यामुळे या वेळी मी मध्ये आलेच नाही. आईच फोन कानाला लावून वर्कशॉपच्या दारात उभ्या राहिल्या.

“ती विचारतेय, ओळीने कसत गेलीस ना एका बाजूने?”

“हो.”

“हो म्हणतेय. हं… हं… ती म्हणते, येडे, एक नट कसला की त्याच्या बरोबर समोरचा कसायचा. पाव आटा. मग दुसरी जोडी.” आणि मग फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या, “येडे तिने म्हटलंय हं. मी नाही.”

किती महिन्यांनी मला कुणी येडी म्हटलं. मी पाना हातात घेऊन उभी राहिले. बरं वाटलं असावं. नक्की सांगता येत नाही. हल्ली मला उशिरा कळतं काय वाटलं ते, आणि कधी कधी कळतच नाही.

मग आई म्हणाल्या, “आणि विचारतेय, ग्राइंडर बिघडलाय का? कानस कशाला चालवतेस?”

मी म्हटलं, “हो. बिघडलाय.”

“बिघडलाय म्हणे,” आईंनी तुला सांगितलं. त्यावर तू काय म्हणालीस ते त्यांनी मला सांगितलं नाही. फोन बंद केला आणि गच्चीवर गेल्या.

ग्राइंडर बिघडलेला नाही. तुझ्या भावाने तेव्हाच नवी चकती बसवून तो खिळ्यावर टांगला. मी चौदा महिन्यांत त्याला हात लावलेला नाही. मोठं काम असलं की बाहेरून घासून आणते, लहान असलं की कानस.

तू चहा ओततेस तो कपाबाहेर पडतो, हेही आईंनी सांगितलं. एका डोळ्याने अंतर कळत नाही म्हणे. आणि तू मावशींना म्हणालीस, “ज्याला वाकडं-सरळ कळत नाही त्याने पान्याला हात लावू नये. माझं ते काम संपलं.” आई हे सांगत होत्या तेव्हा मी पत्रा कापत होते. कापत राहिले. सरळ कापला गेला.

समोरासमोर कसल्यावर चाक बरंच सुधारलं. मागच्या पत्रात एक राहिलं होतं ते याही पत्रात राहतंय.

तुझी,
वहिनी


२ मार्च

ताई,

आज आधी ते लिहिते. नाहीतर पुन्हा आईंचे गुडघे आणि शाळेचं गेट यांतच पान भरेल.

तुला दवाखान्यात नेलं तेव्हा सगळ्यांनी एकच विचारलं, डोळ्यावर कामाचा चष्मा नव्हता का? मी म्हटलं, कपाळावर होता. ते खरंच होतं. तुझ्या भावाला सांगितलं, आईंना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. ज्याने त्याने मान हलवली. चष्मा कपाळावर ठेवून कुणी ग्राइंडर चालवतं का? आणि पडद्याच्या पलीकडून तू म्हणालीस, “तिला कशाला विचारताय? चूक माझीच आहे.” तेव्हाही मी गप्प राहिले. पुढे तू मावशींकडे गेलीस तेव्हा जाताना वर्कशॉपच्या तुझ्या किल्ल्या माझ्या हातात दिल्यास. म्हणालीस, “वेळेवर धावलीस म्हणून वाचले.”

आदल्या संध्याकाळी ग्राइंडर माझ्या हातून पडला होता.

टेबलाच्या कडेवर ठेवला होता, वायरीत पाय अडकला आणि तो खाली गेला. चकतीवरच पडला. मी उचलला, चकती बोटाने फिरवून पाहिली, कुठे चीर दिसली नाही. पडलेली चकती दिसायला कितीही चांगली असली तरी फेकायची, हे तूच मला शिकवलंस. पण नव्या चकत्या संपल्या होत्या, चौकापर्यंत जायचा कंटाळा आला होता, आणि मी म्हटलं, उद्या आणू. फडक्याने पुसला आणि खिळ्यावर टांगला. पुसला कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.

सकाळी दारात ते पिवळ्या घराचे गिऱ्हाईक आले होते. मी त्यांच्या कठड्याचं माप लिहून घेत होते. तू रिंगेचा सांधा घासायला ग्राइंडर काढलास, ते मी पाहिलं. तू रिंगेत वाकलीस, ते पाहिलं. अर्धा सांधा तुझा घासून झाला तेवढा वेळ माझ्याकडे होता. मी वळले, तोंड उघडलं, आणि त्यांनी विचारलं, “रंग कोणता द्याल?”

मी म्हटलं, “काळा.”

ताई, दोनच शब्द सांगायचे होते. चकती पडलीय. त्याच्याऐवजी मी काळा म्हटलं, आणि पुढच्याच क्षणी ती फुटली.

चष्मा डोळ्यावर असता तर कदाचित निभावलं असतं. पण चकती नवी असती तर चष्मा कुठे होता हे कुणी विचारलंही नसतं. इतके महिने मी यातलं पहिलं वाक्य लोकांना सांगत आले आणि दुसरं गिळत आले.

मला रडू आलं नाही, तेव्हाही नाही आणि आताही नाही. अक्षर बघ, नेहमीसारखंच आहे.

हे पत्र इथवर लिहून झाल्यावर मी ते आईंना आणि तुझ्या भावाला वाचून दाखवलं. तो उठून बाहेर गेला. अजून आलेला नाही. आई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, गॅस बंद केला, परत येऊन बसल्या. मग म्हणाल्या, “तिकीट नीट चिकटव. मागे एक पत्र परत आलं होतं.”

आता चाकांचं.

रिंग किती हलते ते बघायला मी चाकाच्या बाजूला एक खिळा बांधला होता, टोक रिंगेपासून केसभर लांब. चाक फिरवलं आणि सुतारांनी हाक मारली म्हणून तिकडे बघितलं. मागे आवाज आला. खट्. थोड्या वेळाने पुन्हा, खट्. जिथे पोट सुटलंय तिथेच खिळा लागत होता. म्हणजे मी नाही बघितलं तरी चाक सांगत होतं.

मग मी डोळ्यांवर फडकं बांधलं आणि पहिलं चाक तसंच बसून सरळ केलं. चाक फिरवायचं, खट् झालं की थांबवायचं, बोटाने जागा धरायची, पाव आटा, मग समोरचा पाव आटा. आवाज गेला की खिळा अजून थोडा जवळ आणायचा. सुतार म्हणाले, “काय हो, आंधळी कोशिंबीर एकटीच खेळताय?” दोन दुपारी लागल्या. शेवटी खिळा इतका जवळ आला की मध्ये कागद जाईना, आणि चाक गप्प फिरलं. फडकं सोडून पाहिलं. तू केल्यासारखं झालंय. आणि मी ते तुझ्याहून एक डोळा कमी वापरून केलंय, म्हणून तुझं ते ‘काम संपलं’ मी मानत नाही.

चाक देऊन डोळा परत येत नाही, एवढं मला कळतं. तू मला माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. तुला कळावं म्हणून लिहिलंय. चूक माझीच आहे असं तू जे सगळ्यांना सांगतेस, ते आजपासून सांगू नकोस.

दुसऱ्या चाकात चोवीसच्या चोवीस सळ्या घातल्यात, नट हाताने फिरतील इतकेच लावलेत. ते मी कसलेलं नाही. तुझ्या उंच स्टुलासमोर स्टॅंडवर उभं केलंय, बाजूला खिळा बांधलाय, पाना हाताला लागेल असा ठेवलाय. तुझ्या किल्ल्या या पाकिटात आहेत. तू येणार असशील आणि मी तिथे नको असेन, तर आईंना तसं सांग. त्या दिवशी मी वर्कशॉपात येणार नाही. तू येणारच नसशील तर चाक तसंच राहील. मी त्याला पाना लावणार नाही.

ग्राइंडरची चकती काल मी बदलली. आधीचीही नवीच होती, पण बदलली.

या वेळी खाली ‘तुझी’ लिहीत नाही. ते तू ठरव.

वहिनी